न दाबलेलं बटण

सूर आला आणि माझ्या बोटानं बटण दाबलं नाही. झालं ते एवढंच. पेशंट आत घेण्याआधी रोज सकाळी मी हेडफोन चढवून साउंडप्रूफ खोलीत बसते आणि मशीन ऑटोवर टाकते. मशीन आपापले सूर सोडत राहतं, कधी जाड, कधी पातळ, हळूहळू मंद होत जाणारे, आणि ऐकू आला की हातातलं बटण दाबायचं. ही तपासणी माझ्या कानांची नसते, मशीनची असते. माझे कान कुठवर ऐकतात ते पक्कं ठाऊक आहे, नोकरीला लागल्यापासून त्यात फरक पडलेला नाही. तेव्हा एखाद्या सकाळी आकडा हलला तर दोष मशीनचा. आमच्या कामात सगळीकडे असंच करतात. त्या सकाळी उजव्या कानाचा आकडा हलला नाही, कोसळला. मशीननं सूर मोठा केला, आणखी मोठा केला, दार ठोठावल्यासारखा केला, आणि पडद्यावर त्याच्यापुढे काहीही उमटलं नाही. मी हेडफोन बदलले. वायर उपसून, फुंकर मारून परत खोचली. असं कधी करू नका म्हणून कॉलेजात आम्हाला मुद्दाम शिकवलं होतं. आणि मग आमच्या धंद्यातलं माणूसच करील अशी चूक केली. मशीन बिघडलं म्हणून जाहीर करून टाकलं, बाहेर बाकावर बसलेल्या पेशंटांना उद्या यायला सांगितलं आणि सर्व्हिसवाल्याला फोन लावला. माझाच कान बिघडला असेल अशी नुसती शंकासुद्धा मला आली नाही. मोजपट्टीला कोण मोजतं?

सर्व्हिसवाला दुपारी आला. गप्पिष्ट माणूस, बॅग उघडता उघडता त्यानं रस्त्यातली गर्दी आणि त्याच्या नव्या साहेबाची अक्कल दोन्ही निकालात काढली. स्वतःचं मीटर जोडून त्यानं एकेक सूर तपासला, आणि मान डोलावून म्हणाला की मशीन ठणठणीत आहे, त्याला मशीनवालीचीच नजर लागलेली दिसते. आपल्या विनोदावर आपणच हसला. मग म्हणाला, मॅडम, तुम्ही आत बसा, मी बाहेरून सूर सोडतो, एकदा होऊन जाऊ दे. आमच्या विभागाच्या प्रमुख, ज्यांना सगळे डॉक्टरबाई म्हणतात, त्याही चहाचा कप घेऊन काचेपलीकडे येऊन उभ्या राहिल्या. मी आत बसले. जाड दार बंद झालं की त्या खोलीत बाहेरचं जग कापून टाकल्यासारखं होतं. स्वतःचं गिळणं ऐकू येतं, पापणी मिटल्याचासुद्धा आवाज होतो की काय असं वाटतं. या वेळी मी नीट पाहायचं ठरवलं. निकालावर विश्वास बसत नसेल तर पायरी-पायरीनं बघा, हे मला शिकवलेलं आहे आणि ते मला आवडतं. सूर आला. पातळ, लांबचा, रिकाम्या घरात कोणी काचेवरून नख ओढावं तसा. मला तो स्वच्छ ऐकू आला. उजव्या कानात आला हे कळलं, कुठल्या पट्टीतला तेही कळलं. अंगठा बटणावर होता. तो बधिर नव्हता, बटणाची बारीक कड मला त्याच्याखाली लागत होती. अंगठा हलला नाही. सूर मोठा झाला, मी ऐकला, अंगठा हलला नाही. काचेपलीकडे सर्व्हिसवाल्याचे ओठ हलले: ऐकू येतंय का? आणि त्या तीन शब्दांबरोबर बरगड्यांच्या खालून काहीतरी गरम वर चढायला लागलं, छातीत आलं, गळ्यात आलं, कानांच्या पाळ्यांपर्यंत पोचलं. थकव्याला असं तापमान नसतं. तो राग होता. इतका स्वच्छ, गाळून घेतल्यासारखा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि तो कोणावर आलाय हे मला त्या घटकेला सांगता आलं नसतं.

आमच्याकडे असे पेशंट येतात. कान धडधाकट, पण बटण दाबत नाहीत. कोणाला नुकसानभरपाई हवी असते, कोणाला परीक्षा चुकवायची असते, आणि काहींना काय हवं असतं ते त्यांनाच सांगता येत नाही. त्या बहुतेक बायका असतात. त्यांना पकडायची एक युक्ती आहे. दोन्ही कानांत एकाच वेळी एकच सूर सोडायचा, ज्या कानानं ऐकू येत नाही म्हणतात त्यात मोठा आणि चांगल्या कानात जरा लहान. खऱ्या बहिऱ्याला चांगल्या कानातला ऐकू येतो आणि तो लगेच दाबतो. ढोंग करणाऱ्याला फक्त मोठा ऐकू येतो, तोही नेमका त्या कानात जिथे यायला नको, म्हणून तो गप्प बसतो, आणि गप्प बसला की सापडतो. माणूस गप्प बसल्यामुळे सापडतो ही गोष्ट मला नेहमी फार सुबक वाटत आली होती. त्या दुपारी वाटली नाही. अशा बायकांबरोबर आलेले नवरे विचारतात, म्हणजे नाटकच ना सगळं? मी सांगते, कान चांगले आहेत, पुढचं माझ्या मशीनवर दिसत नाही. मला वाटायचं हे उत्तर फार समतोल आहे.

डॉक्टरबाईंनी माझी पापणी खाली ओढून पाहिली, मनगट धरलं, आणि म्हणाल्या की कानाला काही झालेलं नाही, तू आतून संपलीयस गं. आवाज मऊ झाला होता. स्वतःकडे लक्ष दे, स्वतःचे लाड कर, बाईनं स्वतःला विसरता कामा नये. त्या मनापासून बोलत होत्या, आणि त्यामुळेच मला त्यांचा कप भिंतीवर आपटावासा वाटला. आठवडाभर रजा घे म्हणाल्या. हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीत बाहेरून येणाऱ्या परीक्षकांसाठी एक खोली ठेवलेली आहे, ती रिकामीच असते. घरी आराम होणार नसेल तर खुशाल तिथे राहा, ऑफिसातून किल्ली घे. दारापर्यंत जाऊन मग त्या वळल्या. फक्त शनिवारचं शाळेतलं कान तपासायचं शिबिर तेवढं उरकून जा, मुलांना तूच लागतेस. मी हो म्हटलं. सर्व्हिसवाल्यानं बॅग बंद करता करता मला डोळ्यानंच काहीतरी खूण केली. बहुधा रजेआधी शिबिर उरकण्यातला विनोद त्याला कळला होता.

किल्ली घेऊन मी आधी ती खोली पाहून आले. लोखंडी खाट, करडं ब्लँकेट, एक टेबल, त्यावर कोणीतरी विसरून गेलेली टाचणीची डबी. खिडकीतून दुसऱ्या इमारतींच्या पाठी दिसत होत्या, पाइप आणि वाळत घातलेल्या चादरी. मी दार आतून लावून घेतलं आणि नुसती उभी राहिले. मी या क्षणी कुठे आहे हे घरच्या कोणालाही ठाऊक नव्हतं. एवढ्याशा गोष्टीनं माझे डोळे भरून आले, आणि डोळे भरून आले याचा मला संताप आला. एखाद्याला प्यायला पाणी मिळालं म्हणून तो रडायला लागला तर आपण म्हणू का, किती चांगलं पाणी? आपण विचारू, किती दिवस दिलं नव्हतं याला? मला ती खोली हवी होती. दुसरं काही नको होतं, प्रवास नको, डोंगर नकोत, समुद्र नको. सोमवारपासून आठवडाभर ते दार आतून बंद असावं आणि बाहेरून कोणी माझं नाव घेऊ नये. आयुष्यात इतकं थोडं आणि इतकं नेमकं मी कधी मागितलं नसेल.

काळजी घे हे मला सगळेच सांगतात. नणंद फोनवर तासभर आपल्या नवऱ्याबद्दल रडते आणि शेवटी म्हणते, वहिनी, तू मात्र स्वतःची काळजी घे हं. काळजी घे म्हणजे आता फोन ठेवायचा, एवढाच त्याचा अर्थ. फोन लावलेला कान तोवर तापून लाल झालेला असतो. मागे आमच्या हॉस्पिटलात बायकांसाठी एक शिबिर झालं होतं. रेशमी ओढणीतल्या एका बाईंनी आम्हाला श्वास घ्यायला शिकवला आणि जाताना प्रत्येकीला एक सुवासिक मेणबत्ती दिली. मी शास्त्र शिकलेली असल्यामुळे कुठलीही गोष्ट करून पाहिल्याशिवाय टाकत नाही. मी करून पाहिली. रविवारी दुपारी बाथरूमचं दार लावलं, गरम पाण्यात पाय बुडवले, मेणबत्ती पेटवली. पहिल्यांदा नवऱ्यानं विचारलं, आत आहेस का. मग विचारलं, कात्री कुठे आहे. मी सांगितलं, दुसऱ्या खणात. तो म्हणाला, बरं बरं, तू निवांत बस, आणि थोड्या वेळानं परत आला, दुसरा खण म्हणजे वरून का खालून? तो वाईट माणूस नाही. त्याच्याबद्दल हे मला इतक्या वेळा सांगावं लागतं की मला त्याचाही राग येतो. मी बाहेर आले, कात्री काढून दिली, बाथरूमच्या फरशीवरचं मेण खरवडून काढलं. हे खरवडणं लक्षात राहिलं. म्हणजे थकवा घालवणं हेही आता माझंच काम झालं होतं. सगळ्यांचं करून झाल्यावर वर मला एक जादा पेशंट दिला होता, आणि तो पेशंट मीच होते, आणि तो बरा झाला नाही तर ठपकाही माझ्यावरच येणार होता: स्वतःकडे बघतच नाही ही.

आणि हे ऐकणं सुरू कधी झालं? तीन खोल्यांचं आमचं माहेरचं घर, आई शेवटच्या खोलीत, आणि तिथून हाक: अगं ए. नाव नाही, नुसतं अगं ए. त्या घरात त्या हाकेला ओ देऊ शकणारी माणसं तीन होती, पण अगं म्हणजे मी. दादा अभ्यास करत असायचा. मीही करत असायचे, त्याच टेबलाच्या दुसऱ्या बाजूला. पण दादा अभ्यास करतोय हे वाक्य होतं, माझ्याबद्दल तसं वाक्यच तयार झालेलं नव्हतं. मी उठून जायचे. आई डोक्यावरून हात फिरवायची आणि म्हणायची, शहाणी गं माझी बाय. तो ओला, साबणाचा हात मला अजून टाळूवर जाणवतो. पुढे कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी उंदरांना कळ दाबायला शिकवलं तेव्हा मला त्यात नवीन काही वाटलं नाही. दाबलं की दाणा. मग कधीकधीच दाणा द्यायचा, म्हणजे तो जास्त दाबतो. मग दाणा द्यायचा बंद केला तरी तो कितीतरी दिवस दाबत राहतो. एका उंदरानं कळीपाशीच झोपायची सवय लावून घेतली होती. मी त्याचं कौतुक वहीत टिपलं होतं.

बाबांच्या शेवटच्या आजारपणात मी कान उघडा ठेवून झोपायचे. त्यांनी कूस बदलली तरी मला कळायचं, खोकला यायच्या आधीचा श्वास कळायचा, मी त्यांच्या उशाशी पोचायचे आणि मग त्यांना खोकला यायचा. दादा पलीकडच्याच खोलीत, मध्ये एक भिंत, तीही पातळ. सकाळी म्हणायचा, मला तर काही ऐकूच आलं नाही, उठवायचं नाहीस का? आणि मला त्याची कीव यायची, बिचाऱ्याला गाढ झोप लागते. पुढे त्याला नव्या नोकरीसाठी वैद्यकीय तपासणी लागली तेव्हा तो माझ्याकडेच आला. दादाचे कान मी तपासलेले आहेत. उत्तम आहेत. माझ्यापेक्षा चांगले. तो पडद्यावरचा आलेख पाहून मी मोकळेपणानं हसले होते आणि त्याला म्हटलं होतं, नशीबवान आहेस. आज तो आलेख डोळ्यांसमोर आला की माझे दात आवळले जातात.

दादाला माझ्या रजेबद्दल नवऱ्यानं सांगितलं. भोळेपणानं सांगितलं, कौतुकानं सांगितलं, ही आता आठवडाभर आराम करणार. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन ती दादाकडे होती, अजून कोणाचा तरी हात धरल्याशिवाय उठता येत नव्हतं. दादा म्हणाला, देवच पावला. वहिनीच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, ऑफिसची बढतीची परीक्षा आलीय, त्याला दौरा आहे, आणि हिला सुट्टी आहेच तर आईला रविवारी तुमच्याकडे आणून सोडतो, आठवडाभर तर आठवडाभर. तसंही आईला हिच्याच हातचं लागतं. शिवाय हिला काय, मूल ना बाळ. शेवटचं तो माझ्याशी बोलला नव्हता, नवऱ्याशी बोलला होता, आणि नवऱ्यानं ते मला जसंच्या तसं सांगितलं, कारण त्याला त्यात काही लागेलसं वाटलं नाही. मग त्यानं मला विचारलं की आईंसाठी आतली खोली रिकामी करायची तर ती इस्त्रीची खाट कुठे ठेवू या. मी म्हटलं, मी सोमवारपासून इथे नसेन. तो हसला. थोड्या वेळानं त्याला कळलं की मी हसत नाहीये.

शनिवारचं शिबिर मी केलं. हो म्हणायची सवय एका दुपारीत जात नाही. शाळेच्या ग्रंथालयात मशीन मांडून एकेका मुलाला हेडफोन चढवले, ऐकू आलं की हात वर कर, शाब्बास. एक मुलगी हात वर करायची आणि खाली घ्यायची विसरायची. तिचा हात तसाच हवेत, दुसरा सूर येईपर्यंत. तिच्या वर्गाच्या बाई म्हणाल्या, फार आज्ञाधारक आहे हो ही. मी त्या मुलीचा हात धरून खाली ठेवला, जरा जोरातच ठेवला असावा, कारण तिनं माझ्याकडे दचकून पाहिलं. मी तिचे हेडफोन काढले आणि पुढच्या मुलाला बोलावलं.

संध्याकाळी घरी पोचले तर नवऱ्यानं फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवलेला होता, आणि खोलीभर दादाचा आवाज पसरला होता, उद्या किती वाजता निघायचं, लिफ्ट चालू आहे ना, आईची खुर्ची गाडीत मावेल का. मी पिशवी खाली ठेवली नाही. उभ्यानंच म्हटलं, दादा, आईला इकडे आणू नकोस, मी आठवडाभर घरी नाही. मग त्यानं समजुतीचा आवाज काढला, तोच जो तो लहानपणी माझ्या वाट्याचा खाऊ उचलताना काढायचा. म्हणाला की त्याला कळतं मी थकलेय, सगळेच थकलेत, पण आई म्हणजे का परकी आहे, तिच्यापाशी बसलीस तर तुलाच बरं वाटेल. वहिनी मागून म्हणाली, आम्ही इतके दिवस केलंच ना, कधी बोललो का. तिचं खरं होतं. तिनं केलं होतं. तिच्याही घरात हाक आल्यावर उठणारं माणूस ठरलेलंच होतं, आणि मला तिच्याशी भांडायचं नव्हतं. मी दादालाच विचारलं की दौरा पुढे ढकलता येतो का. त्याला प्रश्नच समजला नाही.

"मग आईचं काय करायचं?" तो म्हणाला.

याचं उत्तर माझ्याकडे होतं. नेहमी असतं. आठवड्यापुरती नर्स ठेवता येते, आमच्याच हॉस्पिटलातून मिळते, मी बोलून ठेवते, जेवणाचं मी लावून देते, संध्याकाळी मी येऊन बघून जाईन. सगळी वाक्यं ओळीनं जिभेवर येऊन उभी राहिली. एकदा ती सुटली असती तर रजेतला पहिला दिवस नर्स शोधण्यात गेला असता आणि उरलेले ती नीट करते का ते विचारण्यात. नवरा माझ्याकडे आशेनं बघत होता. त्याला ती वाक्यं पाठ आहेत.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "तू ठरव."

"तू अशी नव्हतीस."

"नव्हते."

पलीकडे कुजबुज झाली, खुर्ची सरकली, कोणीतरी म्हणालं, द्या इकडे. आवाजातली पोकळी गेली, म्हणजे त्यांचा स्पीकर बंद झाला आणि फोन कोणाच्या तरी कानाशी गेला. मीही टेबलावरचा फोन उचलला आणि स्पीकर बंद केला. आईचा श्वास मी ओळखते. ती बोलायच्या आधी नाकानं थोडा घेते. म्हणाली, जेवलीस का. मी म्हटलं, नाही अजून. मला वाटलं आता शहाणी गं माझी बाय येणार, आणि ते आलं तर मी उद्या ती खाट स्वतः हलवीन, ब्लँकेटं काढीन, आतली खोली पुसून घेईन. माझी मान आपोआप जराशी खाली झाली होती, हात फिरवून घ्यायला वाकावी तशी. ते माझं मलाच दिसलं, आणि परवाचा तो राग पुन्हा वर आला, बरगड्यांखालून, त्याच वाटेनं. या वेळी तो कोणावर आहे ते मला कळत होतं. दादावर होताच. पण दादाला काही मिळालं असेल तर ते कोणीतरी त्याच्या ताटात वाढलं होतं.

"तुला माझा राग आलाय का गं?" आईनं विचारलं.

नाही गं, काहीतरीच काय, हे उत्तर माझ्या तोंडात इतकं जुनं आहे की त्याला चव उरलेली नाही. ते दातांपर्यंत आलं. गुडघ्याला टाके असलेली म्हातारी बाई, कोणाच्या तरी बैठकीच्या खोलीत, मुलगा आणि सून बघताहेत, आणि ती विचारतेय. कोणीही नाही म्हटलं असतं. मी नाही म्हटलं असतं तर ते खोटं आहे हे तिलाही कळलं असतं आणि आम्ही दोघींनी ते चालवून घेतलं असतं, जसं सगळं चालवून घेत आलो.

"हो," मी म्हटलं.

तिनं नाकानं श्वास घेतला. मागून दादाचा आवाज आला, काय म्हणते ती, काय म्हणते? आईनं फोन तोंडापासून लांब धरला असावा, कारण तिचा आवाज बारीक आणि दूर झाला, पण शब्द स्पष्ट होते.

"तिची सुट्टी आहे," ती त्याला म्हणाली.

त्या आवाजात राग होता. इतकी वर्षं तो आवाज ऐकतेय, त्यात चूक होणं शक्य नाही. माझ्यावर होता, दादावर होता, की तिला कधीच न मिळालेल्या कुठल्या सुट्टीवर, ते कळलं नाही. ती परत फोन कानाशी आणेल, मग विचारावं, मग समजूत काढावी, असं सवयीनं मनात आलं. पण तो राग कोणावर आहे ते शोधून काढणं माझं काम नव्हतं. मी फोन ठेवला.